फाटकावरचा मास्तर

आमच्या घरात मारायचं काम नवऱ्याचं आणि वाचायचं काम माझं, अशी वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात झाली.

नवरा वरठीच्या पोलाद कारखान्यात शिफ्टवर जातो. त्याच्या सोबतचा एक जण नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात निघाला, तेव्हा त्यानं त्याच्याकडचा गेम खेळायचा डबा आमच्याकडे दिला. सोबत दोन कंट्रोलर आणि एकच डिस्क. डिस्कवर तलवार धरून पाठमोरा उभा असलेला एक माणूस होता. स्टेशनजवळ आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यातल्या पुढच्या खोलीत टीव्ही, कूलर आणि दिवाण. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की नवरा दिवाणावर मांडी घालून खेळायला बसायचा आणि मी मागे उशीला टेकून बघत असायची.

आमचं लग्न बघून-सवरून झालेलं. माझं माहेर तुमसरचं. आजोबा नदीवर मासे मारायचे, वडिलांनी जाळी, दोर आणि जाळ्याला बांधायच्या तरंड्यांचं दुकान काढलं. मी इंग्रजी घेऊन एम. ए. केलं आणि घरी बसले. नवऱ्याचं गाव कोंढ्याच्या बाजूला. त्याचे वडील अजूनही गावच्या तलावात मासे धरतात. तो कमी बोलतो, हे मला बघण्याच्या कार्यक्रमातच कळलं होतं. कमी बोलणारा माणूस आतून खोल असतो, असं मला तेव्हा वाटायचं. त्यामुळे पहिले काही महिने मी त्याच्या गप्प बसण्याकडे आदरानं पाहिलं. नंतर नुसतं पाहिलं.

तो खेळ जपानी बोलायचा आणि पडद्याच्या खाली इंग्रजी अक्षरं यायची. नवरा बटण दाबून ती अक्षरं घालवून टाकायचा. एकदा मला राहवलं नाही.

"ते काय लिहिलं होतं, वाचलं का तुमी?"

"नाई."

"काहून?"

"वाचत बसलो त मारते न तो."

त्यावर मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी वाचते. तेव्हापासून काहीही नवीन सापडलं की तो खेळ थांबवायचा, मी वाचून मराठीत सांगायची आणि मग तो पुढे जायचा. कधीकधी एका दुपारी आम्ही दहा पावलंही पुढे जात नसू. त्याला त्याची घाई नव्हती. आमचं लग्नानंतरचं बरंचसं बोलणं त्या दुपारीच झालं, आणि ते सगळं दुसऱ्याच माणसांबद्दल होतं.

गोष्ट अशी होती. एका खोऱ्यात एक सरदार. त्याच्या शेजारी दुसरा सरदार. शेजाऱ्यानं एके दिवशी पहिल्याचा किल्ला जाळला, घराणं कापून काढलं. आपण जो माणूस चालवतो तो पहिल्या सरदाराच्या पदरचा सामुराई. मुळात तो कोणाचा कोण, माहीत नाही. किल्ल्यातल्या तलवार शिकवणाऱ्यानं त्याला रस्त्यावरून उचलून वाढवलेलं. किल्ला जळाला तेव्हा तो दूर होता. काही वर्षांनी तो परत येतो आणि बघतो, तर आपला गुरू त्याच शत्रूच्या वाड्याच्या फाटकावर पहारा देत उभा आहे. जवळ गेलं की तो एकच वाक्य म्हणतो, "परत जा. या फाटकाच्या आत तुझं काही राहिलेलं नाही." आणखी एक पाऊल टाकलं की तलवार उपसतो.

नवरा त्याला मास्तर म्हणायचा. "आज मास्तर बेकार मारून राहिला," असं.

मास्तर फितूर का झाला, हा खेळातला मोठा प्रश्न होता, आणि खेळ त्याचं उत्तर सरळ देत नव्हता. वाटेत वस्तू सापडायच्या, प्रत्येकीखाली दोन-तीन ओळी. एक कंबरपट्टा सापडला, तो मास्तरचा. खाली लिहिलं होतं की तो लाल दोऱ्यानं शिवला आहे आणि टाके वेडेवाकडे आहेत. एका पडक्या देवळात एक लाकडी तलवार सापडली, मुलांनी शिकायची. मूठ लहान हाताला बसेल अशी नव्यानं तासलेली. मी त्या ओळींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायची आणि भाजी चिरताना त्यांचा विचार करायची.

"आपला माणूस तेव्हा मोठा झाला होता," मी नवऱ्याला म्हटलं. "मग ही तलवार कोणासाठी तासली?"

"असन कोणासाठी."

"आणि पट्टा कोणी शिवला? टाके वाकडे आहेत म्हणजे शिवणारं लहान आहे. सरदाराच्या घरातलं एखादं लेकरू वाचलं असेल. मास्तर त्याला सांभाळायला तिथं राहिला. म्हणून कोणाला आत जाऊ देत नाही."

नवऱ्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "त्याले दुसरं काय येते? तलवार चालवनं येते. जुना मालक मेला. नव्याकडं जागा होती. लागला."

"आपल्या मालकाचं घर जाळणाऱ्याकडं?"

"कंपनी दुसऱ्यानं घेतली तरी माणसं तेच राह्यते. आमच्याकडं नाई का?"

मला ते फार कोतं वाटलं. एवढी डोंगर-दऱ्यांची, धुक्याची, बर्फाची चित्रं काढणाऱ्यांनी एक माणूस नुसता नोकरीसाठी फाटकावर उभा केला असेल, हे मला पटेना. आम्ही त्यावर कित्येक दुपारी भांडलो. भांडण म्हणजे मी बोलायची आणि तो मध्येच "असन बा" म्हणायचा.

इंटरनेटवर त्या खेळावर चर्चा करणाऱ्यांचा एक अड्डा होता. तिथे जगभरची माणसं मास्तरवर लिहायची. बहुतेकांचं म्हणणं, त्यानं सोनं घेतलं. काहींचं, त्याला सरदाराचा जुना राग होता. मी एक खोटं नाव घेऊन तिथे गेले आणि लाकडी तलवारीबद्दल, लाल दोऱ्याबद्दल इंग्रजीत लांबलचक लिहिलं. फार कोणी लक्ष दिलं नाही. एकानं लिहिलं, शिवणकाम मोलकरणीनं केलं असेल.

मास्तरला हरवणं कठीण होतं. नवरा कितीतरी सुट्ट्या त्याच्याकडून मार खात राहिला. मग पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मास्तर गुडघ्यावर आला आणि पडला. नवरा उडी मारून उभाच राहिला. मीही ओरडले. शेजारच्या बाईनं भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं जी?

फाटक उघडलं. आत अंगण होतं. ओसरीच्या वळचणीला नारिंगी फळांच्या माळा वाळत घातलेल्या.

"हे टेंभरं होत का?" नवऱ्यानं विचारलं.

"तसंच काहीतरी असेल त्यांच्याकडचं."

माळांच्या खाली दहा-बारा वर्षांची एक मुलगी बसली होती. मांडीवर कापड, हातात सुई, सुईत लाल दोरा. आपला माणूस तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं, त्याला ओळखलं नाही, आणि विचारलं, "मास्तर आज आत आले नाहीत का?"

मी टाळी वाजवली. "पाहा! मी म्हटलं होतं न! लेकरू आहे म्हणून म्हटलं होतं न मी!"

पडद्यावर मुलगी उत्तराची वाट बघत होती. तिला द्यायला खेळात उत्तर नव्हतं. कोणतंही बटण दाबलं तरी आपला माणूस नुसता उभा.

"तुले खुशी होऊन राहिली?" नवऱ्यानं मागे न वळता विचारलं.

"माझं बरोबर निघालं म्हणून."

"मेला न पण तो."

"खेळ आहे जी."

"हाव," तो म्हणाला, आणि टीव्ही बंद करून बाहेर गेला. त्या उन्हात त्यानं गाडी धुवायला काढली. मी खिडकीतून पाहिलं, तो चाकाच्या तारा एकेक करून पुसत होता. त्यानंतर त्यानं त्या डब्याला हात लावला नाही. मी दोन-चारदा म्हणून पाहिलं. तो म्हणायचा, पाहू मंग.

मी मात्र अड्ड्यावर जाऊन लिहिलं, आणि या वेळी लोकांनी वाचलं. त्या मुलीला बऱ्याच जणांनी पाहिलं होतं, पण तिच्या दोऱ्याची आणि मास्तरच्या पट्ट्याची सांगड कोणी घातली नव्हती. ज्यानं मोलकरणीचं म्हटलं होतं त्यानं माफी मागितली. एकानं विचारलं, तुम्ही जपानी आहात का? माणसं आता मला इतर पात्रांबद्दल विचारू लागली. शत्रू सरदाराची विधवा बहीण दिवसभर विहिरीशी का बसते, नावाडी पैसे का घेत नाही. मी वाचून, जुळवून उत्तर द्यायची. कॉलेज सुटल्यापासून माझ्या शिक्षणाचा कोणाला असा उपयोग झाला नव्हता. मला ते आवडत होतं, आणि त्या आवडीत मला असंही वाटू लागलं की माणूस वाचणं मला जमतं. आळीतली कोणती बाई कोणाशी का बोलत नाही, घरमालक महिन्यातून एकदाच गच्चीवर का जातो, हे मी मनातल्या मनात सोडवून ठेवायची. कोणाला विचारून पडताळायची गरज वाटत नव्हती.

पाऊसकाळ संपता संपता आठवडी बाजारात नवऱ्यासोबत काम करणाऱ्या एकाची बायको भेटली. सांभाराच्या जुड्या निवडता निवडता तिनं विचारलं, "तुमच्या यायनं सुपरवायझरचं काहून नाई म्हटलं जी, वयनी?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आमचं तसंच ठरलं होतं."

"आमचे हे म्हनत होते, असा चान्स कोनी सोडते का म्हनून."

मी सांभार न घेताच घरी आले. नवऱ्याला विचारावं असं पहिल्यांदा मनात आलं, ते मी बाजूला सारलं. तो सांगेल तेव्हा सांगेल. त्याच्या आधी मी शोधून काढीन, असं मी ठरवलं, आणि कामाला लागले.

सापडलेल्या गोष्टी अशा. तो सुट्टीच्या दिवशी आता घरी न बसता गावाकडे जायचा. माझ्या वडिलांच्या दुकानातून त्यानं एक मोठं जाळं नेलं होतं, हे आईच्या फोनवरून कळलं. एकदा तो कोणाला तरी मत्स्यबीजाबद्दल विचारत होता. सुपरवायझर झालेल्याला शिफ्ट नसते, सकाळी जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. सगळं जुळत होतं. वडील थकले, डोंगा वल्हवणं त्यांना झेपत नाही, आणि हा तलावावर परत जायच्या तयारीत आहे. बायको शिकलेली, तिला तलावाकाठच्या घरात राहणं आवडणार नाही, म्हणून बोलत नाही. एकटाच ओझं वाहतो आहे.

मला त्याच्याबद्दल फार वाटून आलं. त्या संध्याकाळी मी वांग्यात झिंगे घालून त्याच्या आवडीची भाजी केली.

"आज काय आहे?" त्यानं विचारलं.

"काही नाही. खा."

त्यानं संशयानं माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ली. मी मनातल्या मनात तलावाकाठच्या घराची तयारीही सुरू केली होती. तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवता येईल, वगैरे.

पुढच्या सुट्टीला मी म्हटलं, मीही गावाला येते. गेलो. नवरा जेवून घरात आडवा झाला आणि मी तलावाच्या पाळीवर गेले. सासरे डोंगा काठाला लावून जाळ्यातला गाळ झटकत होते. अंगात फाटकी बनियान, दंड अजून दोरासारखे पिळलेले. मी त्यांना आमच्याकडच्या पद्धतीनं मामाजी म्हणते.

"मामाजी, हे इकडं परत आले तर तुम्हाला बरं होईल न?"

"कोन?"

"तुमचा मुलगा."

"कायले?"

"तुम्हाला मदत होईल. डोंगा, जाळं..."

सासऱ्यांनी जाळं खाली ठेवलं. "त्याले डोंग्यात उभं राहाचा भेव लागते, बाई. लहानपनी पडला होता त दोन दिवस तापानं फणफणला. तो काय मदत करन? तिथंच राहा म्हना त्याले. इकडं येते, खाते, झोपते, जाते. तेवढं बेस आहे."

"मग ते मोठं जाळं?"

"ते मच्छीमार सोसायटीनं मंगवलं. तुझ्या बापाच्या दुकानात स्वस्त भेटते म्हनून यानं आनून देल्लं." ते पुन्हा गाळ झटकू लागले. मग म्हणाले, "काहून? काई भांडन झालं का तुमचं?"

"नाही, मामाजी."

"झालं असन त सांग."

मी नाही म्हटलं आणि पाळीवरून परत आले. नवरा खाटेवर घोरत होता. एक हात लोंबता, तोंड अर्धं उघडं. त्या चेहऱ्यावर मला कोणतंच ओझं दिसेना.

परतताना अड्याळच्या पुढे आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. संध्याकाळ व्हायची होती. दोन्ही बाजूंना धानाला लोंब्या आलेल्या. मी ठरवून असं काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"सुपरवायझरचं नाही काहून म्हटलं तुमी?"

तो दचकला नाही. त्यानं कपातल्या सायीवर फुंकर घातली, ती कडेला सारली.

"रोज सकाळी सगळ्यायले उभं करून बोला लागते," तो म्हणाला. "काल काय झालं, आज काय कराचं, सेफ्टीचं. हिंदीतून. माइक राह्यते."

मी वाट पाहिली. पुढे काहीतरी येईल असं वाटलं.

"मंग?"

"मले नाई जमत."

"येवढंच?"

"येवढंच." तो कपाकडे बघत पुढे बोलू लागला. "एक डाव केलं होतं. आमचा सुपरवायझर सुट्टीवर होता, साहेब म्हणे तू घे. उभा झालो. 'भाइयो' म्हटलं आन् थांबलो. पुढचं येच ना. पोट्टे हासले नाई. चुपचाप उभे. हासले असते त बरं झालं असतं. मंग एकानं येऊन माझ्या हातातला माइक घेतला आन् त्यानंच बोलून देल्लं."

"मला सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं नाई."

"मला माहीतच नव्हतं."

"मंग?"

मी चहा प्यायले. मला वाईट वाटलं, पण त्याच्यासाठी वाटलं तेवढंच माझ्या घराच्या बेतासाठीही वाटलं. मी त्याच्यासाठी एक मोठं, चांगलं कारण तयार करून ठेवलं होतं, आणि तो त्यातून बाहेर निघून साध्या भीतीपाशी जाऊन बसला होता. त्याची समजूत काढावी की काढू नये, मला कळेना. एकमेकांची समजूत काढण्याची आम्हाला तोवर सवय नव्हती.

"तुले काय वाटलं होतं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. जाळं, मत्स्यबीज, वडील, डोंगा, तलावाकाठचं घर, शिकवणी. सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि डोंग्याशी आल्यावर त्याला हसू आवरेना. चहा शर्टावर सांडला. टपरीवाला बघू लागला.

"डोंग्यात? मी? बाप मले तलावात ढकलून देईन."

"आणि मत्स्यबीज?"

"ते एका साहेबाले पाह्यजे होतं, त्याच्या शेततळ्यात सोडाले." तो शर्ट झटकत अजून हसत होता. "येवढा इचार केला तू माह्यावर?"

लग्नाला तेव्हा दीड-पावणेदोन वर्षं झाली असतील. मी त्याला इतकं मोठ्यानं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मलाही हसू आलं, थोडं उशिरा. गाडीवर बसताना त्यानं मागे हात करून माझी पिशवी घेतली आणि पुढे हँडलला अडकवली, एरवी ती माझ्याच मांडीवर असते.

दिवाळीनंतर त्यानं खेळाचा डबा पुन्हा लावला आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. या वेळी तो फाटकाकडे गेलाच नाही. खोऱ्यातल्या बाकीच्या वाटांनी फिरायचा, नावाड्याच्या नावेत बसून पलीकडे जायचा, पुलावरच्या चोरांना मारायचा. फाटक उघडल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, हे त्याला माहीत होतं. मी मागे बसून वाचायची. अड्ड्यावर मी हळूहळू कमी लिहू लागले. वैताग आला म्हणून नाही. मला भंडाऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि वेळ उरेना.

पुढच्या वर्षी सुपरवायझरचं पुन्हा विचारलं गेलं. त्या दिवशी गाडी स्टँडवर लावता लावता, हेल्मेटही न काढता त्यानं मला सांगितलं.

"पुन्हा इचारलं त्यायनं."

"मग?"

"काय करू?"

मी म्हटलं, तुम्हाला जे जमेल ते. तो दोन दिवस विचारात होता, मग त्यानं नाहीच म्हटलं. त्याच्याहून धाकटा एक जण सुपरवायझर झाला. नवरा त्याच्या हाताखाली काम करतो आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलतो.

एकदा मी तपासलेल्या वह्यांची पिशवी घरीच विसरले. तो नाइट करून आला होता, तरी ती घेऊन शाळेत आला. वर्ग चालू होता म्हणून बाहेर व्हरांड्यात थांबला. किती वेळ थांबला होता कोणास ठाऊक. तास संपून मी बाहेर आले तेव्हा पायरीशी उभा होता, डोळे लाल.

"तू तिथं लय मोठ्यानं बोलते," तो म्हणाला.

"मागच्या बाकावर ऐकू जायला पाहिजे न."

"हं." त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "समोरचे दोघं जण ऐकतच नव्हते. मी पाहिलं खिडकीतून."

"ते कधीच ऐकत नाहीत."

"मंग तू थांबत नाई?"

"नाही."

तो थोडा वेळ वर्गाच्या दाराकडे बघत राहिला. मग मान हलवून गाडीकडे गेला, आणि मी पुढच्या तासाला.